कॉन्कर्डच्या वसंतनोंदी : रानफुले, फुलपाखरे आणि छायाचित्र या साधनाचे मोल

१

वसंतातल्या फेरफटक्यात एखाद्या हौशी माणसाने टिपलेले रानफुलाचे किंवा फुलपाखराचे छायाचित्र इतिहासाच्या अभ्यासकाला साधन म्हणून उपयोगी पडेल काय, असा प्रश्न केला तर आपल्यापैकी बहुतेकांचे पहिले उत्तर नकारार्थी येईल. दप्तरे, फर्माने, ताम्रपट, पत्रव्यवहार यांवर आपली दृष्टी घडलेली आहे. फुलाचे चित्र ही आपल्या मते विरंगुळ्याची वस्तू होय. ते भिंतीवर लावावे, फार तर वनस्पतिशास्त्राच्या वर्गात दाखवावे. परंतु अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉन्कर्ड नावाचे जे लहानसे गाव आहे, तेथील निसर्गनोंदींचा गेल्या पाऊणदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे हे मत बदलावे लागते. या गावी एकाच भूप्रदेशात एकामागून एक अशा अनेक व्यक्ती दर वसंतात फुले पाहत हिंडल्या. कोणी टिपणवही घेऊन हिंडले, कोणी कॅमेरा घेऊन. त्यांतील बहुतेकांना आपण पुढच्या पिढीसाठी काही पुरावा मागे ठेवीत आहोत याची कल्पना नव्हती. तरीही त्यांच्या नोंदींवरून एका प्रदेशाच्या हवामानात आणि वनस्पतिजीवनात झालेला बदल आज सिद्ध करता आला आहे.

या साधनपरंपरेचा परिचय करून देणे आणि तिच्यातील छायाचित्राचे नेमके स्थान ठरविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रारंभीच एक खुलासा अवश्य आहे. कॉन्कर्डचा वसंत हा आपल्या पळस-पांगाऱ्याचा फाल्गुन-चैत्र नव्हे. तेथे हिवाळाभर जमीन बर्फाखाली असते. मार्चमध्ये बर्फ वितळू लागते, एप्रिल व मे या दोन महिन्यांत वृक्षांना पालवी फुटण्याच्या आत जंगलातील लहान झाडोरा घाईने फुलून घेतो आणि त्याच सुमारास वर्षातील पहिली फुलपाखरे उडू लागतात. ऋतूचा हा उंबरठा इतका स्पष्ट असल्यामुळेच तेथे ‘अमुक फूल अमुक दिवशी उमलले’ या नोंदीला अर्थ प्राप्त होतो.

२

या परंपरेचा आरंभ हेन्री डेव्हिड थोरो (१८१७–१८६२) याच्यापासून होतो. ‘वॉल्डन’ या १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा कर्ता म्हणून तो आपणांस परिचित आहे. परंतु त्याच्या आयुष्याची शेवटची दहाबारा वर्षे मुख्यतः निसर्गाच्या पद्धतशीर निरीक्षणात गेली, ही गोष्ट तितकीशी ध्यानात घेतली जात नाही. १८५२ ते १८५८ या काळात त्याने कॉन्कर्डमधील शेकडो वनस्पतींच्या प्रथम पुष्पणाच्या तारखा नोंदविल्या. त्यासाठी तो जवळजवळ रोज काही तास पायी हिंडत असे. सापडलेली रोपे तो आपल्या टोपीत ठेवी आणि संगीताच्या एका जुन्या वहीत दाबून सुकवी. मित्र इमर्सन याने मृत्युलेखात सांगितले आहे की, फिरावयास निघाल्यावर थोरो खिशातून रोजनिशी काढून त्या दिवशी कोणती फुले उमलली पाहिजेत त्यांची नावे वाचून दाखवीत असे. आयुष्याच्या अखेरीस त्याने या सर्व नोंदी मोठमोठ्या कोष्टकांत मांडावयास घेतल्या होत्या. त्यांतून वर्षाचे एक पंचांग सिद्ध करण्याचा त्याचा विचार होता. क्षयाने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मृत्यू आल्यामुळे ते काम अपुरे राहिले. त्याने सुकवून ठेवलेले वनस्पतींचे सुमारे नऊशे नमुने आज हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

थोरोच्या काळी छायाचित्रणाची कला अस्तित्वात होती. १८५६ च्या जून महिन्यात वूस्टर या गावी पन्नास सेंट देऊन त्याने स्वतःची चित्रे काढवून घेतली होती. तथापि ते तंत्र पेढीवर बसून घेण्याच्या चित्राचे होते. काही सेकंदांपर्यंत विषय स्थिर राहणे त्यात आवश्यक असे आणि सारी रासायनिक सामग्री हाताशी लागत असे. वाऱ्यावर डोलणारे रानफूल त्या सामग्रीच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून कॉन्कर्डच्या वसंताचे पहिले साधन चित्ररूप नसून शब्द आणि अंक यांचे बनलेले आहे.

३

थोरोनंतर हे कार्य पुढे चालविणारा मनुष्य ग्रंथकार किंवा प्राध्यापक नव्हता. आल्फ्रेड विन्सलो हॉस्मर (१८५१–१९०३) हा कॉन्कर्डमधील कापडचोपडाच्या दुकानाचा व्यवसाय करणारा गृहस्थ होता. थोरोविषयी त्याला विलक्षण आदर होता. इंग्लंडमधील थोरोचे चरित्रकार हेन्री सॉल्ट यांना त्याने माहिती व चित्रे पुरविली. याच आदरापोटी त्याने १८७८ साली, आणि पुढे १८८८ पासून १९०२ पर्यंत सलग पंधरा वर्षे, गावातील सहाशेहून अधिक वनस्पती केव्हा फुलल्या याची नोंद ठेवली.

हॉस्मर हा छायाचित्रकारही होता, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हे विशेष महत्त्वाचे आहे. एकाच माणसाच्या हाती वही आणि कॅमेरा अशी दोन्ही साधने असताना त्याने त्यांची कामे वेगळी ठेवली. थोरोच्या आठवणींशी निगडित स्थळे तो कॅमेऱ्याने टिपी आणि फुलांची गणना वहीत करी. तत्कालीन कॅमेरा अवजड होता, प्रत्येक काचपट्टीला पैसे पडत, आणि सहाशे वनस्पतींची प्रतिवर्षी चित्रे घेणे कोणाही दुकानदारास परवडणारे नव्हते. तारखेची नोंद मात्र पेन्सिलीच्या एका रेघेत होत असे. साधनांच्या इतिहासात स्वस्ताईचे हे महत्त्व विसरून चालणार नाही. स्वस्त साधन पुनःपुन्हा वापरता येते, आणि पुनरावृत्तीवाचून तुलना संभवत नाही.

४

हॉस्मरच्या अखेरच्या वर्षांतच कॉन्कर्डच्या वाटांवर एक नवा मनुष्य दिसू लागला. हर्बर्ट वेंडेल ग्लीसन (१८५५–१९३७) हा मूळचा धर्मोपदेशक. १८९९ साली तो व्यवसाय सोडून तो बॉस्टनला आला आणि छायाचित्रण व व्याख्याने हाच त्याने आपला चरितार्थ केला. थोरोची रोजनिशी हाती घेऊन तीत वर्णिलेली स्थळे शोधावयाची, आणि ज्या ऋतूत थोरोने ती पाहिली त्याच ऋतूत त्यांचे चित्र घ्यावयाचे, असा त्याचा क्रम होता. १९०६ मध्ये थोरोचे समग्र लेखन वीस खंडांत प्रसिद्ध झाले. त्यांपैकी चौदा खंड रोजनिशीचे होते, आणि त्या आवृत्तीत ग्लीसनची चित्रे समाविष्ट झाली. ‘थ्रू द इयर विथ थोरो’ हे त्याचे स्वतःचे पुस्तक १९१७ साली निघाले. त्याच्या हजारो काचपट्ट्या आज कॉन्कर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर विषय, स्थळ व दिनांक यांच्या नोंदीही आहेत.

या संग्रहाची साधनचिकित्सा करताना तीन मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली मर्यादा तंत्राची. त्या काळच्या सामान्य काचपट्ट्या तांबड्या प्रकाशाला फारशा संवेदनशील नव्हत्या. त्यामुळे लाल फूल चित्रात काळे पडे आणि निळे फूल वाजवीपेक्षा फिके येई. व्याख्यानात मॅजिक लँटर्नने दाखविण्याच्या काचांवर रंग दिसतात, ते हाताने भरलेले आहेत आणि ते काम ग्लीसनच्या पत्नीचे आहे. म्हणजे तेथील रंग हा स्मृतीचा आणि कौशल्याचा पुरावा आहे, फुलाचा नव्हे.

दुसरी मर्यादा निवडीची. थोरो व हॉस्मर पहिले उमललेले फूल शोधीत होते. छायाचित्रकार पूर्ण बहराची वाट पाहतो, कारण चित्र त्याच वेळी चांगले येते. म्हणून ग्लीसनच्या चित्राची तारीख आणि हॉस्मरच्या वहीतील तारीख यांची सरळ वजाबाकी करता येत नाही. पहिली बहराची आहे, दुसरी आरंभाची. या दोहोंची तुलना करणारा अभ्यासक राज्यारोहणाची तिथी आणि राज्याभिषेकाची तिथी एकच मानणाऱ्या लेखकाइतकीच चूक करील.

तिसरी मर्यादा हेतूची आहे. ग्लीसनला थोरोचे कॉन्कर्ड दाखवावयाचे होते. जे थोरोच्या लेखनात नाही त्याकडे त्याचा कॅमेरा सहसा वळत नसे. भक्ताने केलेल्या संग्रहात जे गुणदोष असतात ते सर्व येथे आहेत.

इतके असूनही ग्लीसनच्या चित्रांना एक असा गुण आहे की जो वहीला नाही. वहीतील नाव चुकीचे असू शकते. गेल्या दीडशे वर्षांत वनस्पतींची शास्त्रीय नावेही बदलत गेली आहेत. थोरोने वापरलेली नावे आजच्या नावांशी जुळविण्यासाठी रे अँजेलो यांना रोजनिशीची वनस्पतिसूची स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागली. ती १९८४ साली प्रसिद्ध झाली. चित्रात मात्र पान, देठ, कळी, आजूबाजूचे गवत हे सर्व दिसते आणि ओळख नव्याने पडताळून पाहता येते. नोंद करणाऱ्याला जे ठाऊक नव्हते तेही चित्र नकळत साठवून ठेवते.

५

फुलपाखरांचा इतिहास याहून निराळा आहे, आणि त्या निराळेपणाचे कारण तंत्रात आहे. फूल वाऱ्यावर हलते, पण जागा सोडीत नाही. फुलपाखरू जागा सोडते. १९०० च्या सुमारास तिपाईवर कॅमेरा लावून, काळ्या कापडाखाली डोके घालून दृश्य जुळवीपर्यंत ते निघून गेलेले असे. त्यामुळे न्यू इंग्लंडमधील फुलपाखरांचा जुना पुरावा आपणांस छायाचित्रांत न मिळता टाचणीला टोचलेल्या नमुन्यांत मिळतो. केंब्रिज येथील सॅम्युएल स्कडर यांनी १८८८–८९ मध्ये पूर्व अमेरिकेतील फुलपाखरांवर जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचा पाया अशाच संग्रहांवर होता. जाळ्याने पकडून मारलेल्या या प्रत्येक कीटकाच्या टाचणीखाली बोटभर लांबीची एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर स्थळ व तारीख असते. चिठ्ठी हरवलेला नमुना कितीही सुंदर असला तरी संशोधकाच्या दृष्टीने त्याचे मोल फार थोडे राहते.

पुढे १९३६ पासून ३५ मिलिमीटरची कोडाक्रोम रंगीत फिल्म आणि भिंगातूनच दृश्य पाहता येणारे लहान कॅमेरे उपलब्ध झाले, आणि जिवंत फुलपाखराचे चित्र घेणे हौशी माणसाच्या आटोक्यात आले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८६ ते १९९० या काळात राज्यातील फुलपाखरांची प्रदेशवार पाहणी झाली. त्यानंतर स्थापन झालेल्या फुलपाखरू मंडळाचे सभासद दुर्बीण व कॅमेरा घेऊन दरवर्षी नोंदी करीत आले आहेत.

जाळ्याची जागा कॅमेऱ्याने घेतली ही गोष्ट दयाबुद्धीला समाधान देणारी आहे खरी, पण पुराव्याच्या दृष्टीने तीत लाभाबरोबर हानीही आहे. वसंतात उडणारी ‘डस्कीविंग’ नावाची करडी-तपकिरी फुलपाखरे आणि ‘अ‍ॅझूर’ नावाची चिमुकली निळी फुलपाखरे यांतील काही जाती केवळ पंखांच्या चित्रावरून निश्चित ओळखता येत नाहीत. कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह १९४० नंतरच्या दशकात हार्वर्डच्या संग्रहालयात निळ्या फुलपाखरांचे वर्गीकरण करीत असताना सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या जननेंद्रियांची रचना तपासत असे, ते याच कारणासाठी. छायाचित्राचे विच्छेदन होऊ शकत नाही. जी शंका आज कोणाच्या मनात नाही ती उद्या निर्माण झाली तर नमुना उत्तर देऊ शकतो, चित्र बहुधा देऊ शकत नाही.

६

ही विखुरलेली साधने एकत्र आणण्याचे श्रेय बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक व त्यांचे सहकारी अब्राहम मिलर-रशिंग यांच्याकडे जाते. त्यांनी २००४ ते २००६ या तीन वर्षांत कॉन्कर्डमध्ये स्वतः हिंडून फुलांच्या तारखा घेतल्या आणि थोरो व हॉस्मर यांच्या तारखांशी ताडून पाहिल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार वसंतात फुलणाऱ्या ४३ सामान्य जाती थोरोच्या काळापेक्षा सरासरी सात दिवस आधी फुलू लागल्या होत्या. याच काळात त्या परिसराचे तापमान सुमारे २.४ अंश सेल्सिअसने वाढले होते. या वाढीत जागतिक तापमानवाढीप्रमाणेच बॉस्टन शहराच्या विस्ताराचाही भाग आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले आहे. २०१० आणि २०१२ या असाधारण उष्ण वसंतांत तर ही फुले थोरोच्या काळापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी उमलली.

या निष्कर्षावर एक आक्षेप सहज सुचतो. पहिले फूल केव्हा दिसते हे शोधणाऱ्याच्या पायपिटीवरही अवलंबून नसते काय? असते. पण त्या आक्षेपाची दिशा पाहिली पाहिजे. थोरो जवळजवळ रोज हिंडत असे. आधुनिक संशोधकांना तितके हिंडणे शक्य नव्हते. विरळ फेऱ्या करणाऱ्याला पहिले फूल उशिरा सापडण्याचाच संभव अधिक. तरीही त्यांच्या तारखा आधीच्या आल्या. तेव्हा या आक्षेपाने निष्कर्ष दुर्बळ न होता उलट बळकटच होतो.

छायाचित्रांचा उपयोग याच संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात केला. बॉस्टन परिसरातील दिनांकित छायाचित्रे आणि सुकविलेले नमुने यांवरून फुलण्याच्या काळातील बदल मोजता येतो, हे त्यांनी तेथे दाखविले. या संदर्भात एक चित्रयुग्म बरेच प्रसिद्धी पावले आहे. कॉन्कर्डपासून फार दूर नसलेल्या लोवेल या गावच्या दफनभूमीचे एक चित्र ३० मे १८६८ या दिवशी घेतले गेले. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ पाळलेला तो दिवस होता, म्हणूनच चित्राची तारीख निश्चित राहिली. त्या चित्रातील वृक्ष निष्पर्ण आहेत. त्याच स्थळाचे ३० मे २००५ चे चित्र घेतले तर त्यात वृक्ष पर्णभाराने झाकलेले दिसतात. पाहणाऱ्याच्या मनावर या युग्माचा परिणाम फार होतो, आणि तेवढ्याचसाठी त्याच्याविषयी सावध असणे इष्ट आहे. १८६८ चा वसंत थंड होता. दोन वर्षांची दोन चित्रे हवामानाचा कल सिद्ध करू शकत नाहीत. ती सिद्धता अनेक वर्षांच्या कंटाळवाण्या कोष्टकांतून येते, चित्र तिला केवळ दृश्यरूप देते.

फुलपाखरांविषयीही असाच अभ्यास झाला आहे. मॅसॅच्युसेट्समधील एल्फिन व हेअरस्ट्रीक या गटांतील दहा जातींचे १८९३ ते १९८५ या काळातील संग्रहालयीन नमुने आणि १९८६ ते २००९ या काळातील हौशी निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०१३ साली असे दाखविण्यात आले की, उष्ण वर्षी ही फुलपाखरे लवकर उडू लागतात. एका बाजूला टाचणीखालची चिठ्ठी आणि दुसऱ्या बाजूला हौशी माणसाची वही, असे दोन भिन्न जातींचे पुरावे येथे एका ओळीत बसू शकले. त्यांना जोडणारा दुवा एकच होता, तो म्हणजे स्थळ व दिनांक.

७

आता शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा. थोरोने पाहिलेल्या वनस्पतींपैकी सुमारे २७ टक्के जाती कॉन्कर्डमधून नाहीशा झाल्या असून आणखी ३६ टक्के जाती अत्यंत विरळ झाल्या आहेत, असे २००८ मधील एका अभ्यासात आढळून आले. नुकसान सर्व कुलांचे सारखे झालेले नाही. ज्या वनस्पतींनी वाढत्या उष्णतेबरोबर आपला फुलण्याचा काळ मागेपुढे केला त्या बव्हंशी टिकल्या. ज्यांना ते साधले नाही त्यांची संख्या घटली. आमरे आणि लिलीकुलातली फुले यांना त्याची झळ विशेष लागली.

हे सत्य कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. चित्र असलेल्या वस्तूचेच निघते, नसलेल्या वस्तूचे निघत नाही. एखादे आमर ज्या दलदलीत १८५४ साली होते तेथे आज नाही, हे सांगण्यासाठी तेथे कोणीतरी वारंवार जाऊन, शोधून, रिकाम्या हाताने परत आलेला असावा लागतो आणि त्याने ते रिकामेपण लिहून ठेवलेले असावे लागते. कॅमेरा घेऊन हिंडणारा मनुष्य स्वभावतःच ही नोंद करीत नाही, कारण ज्या दिवशी काही सापडले नाही त्या दिवशी त्याच्याजवळ दाखविण्यासारखे काही नसते. निसर्गछायाचित्रणाच्या साऱ्या साधनसंग्रहात ही उणीव मूलभूत आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या आयनॅचरलिस्टसारख्या उपक्रमांत जगभरातून छायाचित्रे जमा होतात आणि बहुतेकांवर दिनांक व स्थळ आपोआप उमटते. हा लाभ निःसंशय मोठा आहे. पण कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असेल तर खोटी तारीखही तितक्याच आत्मविश्वासाने उमटते, आणि निष्फळ फेरफटक्याची नोंद तेथेही सहसा होत नाही.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना एक अडचण चांगली परिचित आहे. अस्सल पत्र हाती येते, अक्षर ओळखीचे असते, तिथी असते, वार असतो, परंतु वर्ष नसते. मग जंत्री उघडून, आतील उल्लेख ताडून, त्याचे साल ठरवीत बसावे लागते, आणि कित्येकदा ते ठरतच नाही. पत्र लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होते, म्हणून त्यांनी ते लिहिले नाही. घरोघरी पेटाऱ्यांत व संचांत पडलेल्या फुलांच्या आणि फुलपाखरांच्या छायाचित्रांची स्थिती अशीच आहे. ज्याने ते घेतले त्याला टेकडी आठवत होती, सकाळ आठवत होती. त्याच्यामागून ते चित्र केवळ एका सुंदर फुलाचे उरते.

कॉन्कर्डच्या इतिहासाचे तात्पर्य यावरून स्पष्ट होते. थोरोजवळ कॅमेरा नव्हता. हॉस्मरने तो जवळ असूनही गणनेसाठी वही पसंत केली. ग्लीसनने कॅमेरा वापरला, पण प्रत्येक पट्टीबरोबर स्थळ आणि दिवस लिहिला. तिघांची साधने आज एकमेकांना आधार देतात ती या एका सवयीमुळे. वसंतात कॅमेरा घेऊन निघणाऱ्याने चित्र अवश्य घ्यावे. सोबत दिनांक आणि स्थळ लिहावे, पुढील वर्षी त्याच वाटेने पुन्हा जावे आणि ज्या दिवशी फूल दिसले नाही त्या दिवशी तसे लिहून ठेवावे. शंभर वर्षांनंतर कोणता प्रश्न विचारला जाईल हे आज सांगता येत नाही. परंतु तो विचारणाऱ्याला प्रथम लागेल ती तारीख.